बीड आणि झिजेची वाटणी

यंत्रे मोडून बंद पडतात त्याहून कितीतरी अधिक वेळा ती झिजून निकामी होतात. पण मोडलेल्या यंत्राची चौकशी होते, जबाबदारी ठरते, पंचनाम्याचा कागद दप्तरी दाखल होतो, आणि झिजलेल्या यंत्राची नोंद मात्र भंगाराच्या वजनापलीकडे सहसा कोठे राहत नाही. झीज सावकाश चालते, रोज थोडी चालते आणि कोणा एकाच्या पाळीत घडत नाही. त्यामुळे तिच्याबद्दल जाब विचारायचा तरी कोणाला, असा प्रश्न पडून तिचा विचारच टाळण्याची रीत आपल्या कारखानदारीत पडून गेली आहे. प्रस्तुत ग्रंथ त्या उपेक्षित विषयाच्या एका भागापुरता, म्हणजे बिडाच्या झिजेपुरता, मर्यादित आहे. परंतु नांगराचा फाळ, उसाच्या चरकाची लाट, तेल इंजिनाचा लायनर, पिस्टनच्या रिंगा, लेथचा बेड, आगगाडीच्या ब्रेकचा ठोकळा आणि औष्णिक वीजकेंद्रात कोळसा दळणारे रोलर ही सारी मंडळी ज्या एका भागात मोडतात, त्या भागाला लहान म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

या ग्रंथात जो मुद्दा पुनःपुन्हा येईल तो आरंभीच सांगून टाकतो. झीज समूळ नाहीशी करता येत नाही. ती कोणत्या भागाच्या वाट्याला यावी, त्या भागाच्या कोणत्या पृष्ठावर यावी आणि किती वेगाने यावी एवढे ठरविणे मात्र पुष्कळ अंशी अभियंत्याच्या हाती असते. ही वाटणी करण्यास बिडाइतका अनुकूल धातू दुसरा नाही, असे माझे मत आहे. एकाच भट्टीतून, एकाच लॅडलमधून, एकाच साच्यात ओतलेल्या रसाचा एक भाग काचही कापील इतका कठीण आणि त्याला लागूनच असलेला दुसरा भाग कानशीने सहज घासला जाईल इतका मऊ, ही किमया बिडात अगदी साध्या साधनांनी साधते, आणि ती कशी साधते हे समजल्यावाचून झिजेच्या वाटणीचे पुढले सर्व हिशेब अधांतरी राहतात.

बीड म्हणजे स्थूलमानाने शेकडा दोनहून अधिक कार्बन असलेले लोखंड. कार्बनचे प्रमाण शेकडा ४.३ च्या सुमारास आले की हा रस ११५० अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे शुद्ध लोखंडाच्या वितळबिंदूपेक्षा जवळजवळ चारशे अंश खाली, गोठतो. ओतकामाला तो इतका सोयीचा ठरला याचे कारण हेच. गोठताना या कार्बनपुढे दोन वाटा असतात. सावकाश निवावयास मिळाले आणि जोडीला सिलिकॉन पुरेसे असले तर तो ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपाने वेगळा होतो व बीड करडे बनते. घाईने निवावे लागले तर त्याचा लोखंडाशी संयोग होऊन सिमेंटाइट नावाचे कठीण व ठिसूळ कार्बाइड बनते आणि बीड पांढरे होते. जाणत्या फौंड्रीत या निवाड्याचा अंदाज ओतण्यापूर्वीच घेतात. लॅडलमधला थोडा रस पाचरीच्या आकाराच्या लहानशा साच्यात ओततात, लाली उतरू लागली की ती पाचर चिमट्याने उचलून पाण्यात विझवितात आणि हातोड्याच्या घावाने मधोमध तोडतात. तुटलेल्या पृष्ठावर पातळ धारेच्या बाजूस रुपेरी पांढरा पट्टा दिसतो, ज्यातील स्फटिक धारेला आडवे व लांबट असतात. त्याच्यामागे पांढऱ्या व करड्या ठिपक्यांची सरमिसळ असते. आणि जाड बाजूस सगळीकडे निखळ करडा रंग असतो. पांढऱ्या पट्ट्याची रुंदी पट्टीने मोजून मेस्त्री लॅडलमध्ये फेरोसिलिकॉन आणखी टाकावयाचे की नाही हे ठरवितो. त्या बोटभर पाचरीवर जे वाचता येते ते पुष्कळदा प्रयोगशाळेच्या अहवालातूनही इतक्या लवकर हाती येत नाही.

या ज्ञानाचा शेतीशी संबंध फार जुना आहे. चीनमध्ये बिडाचे फाळ ख्रिस्तपूर्व काळापासून ओतले जात होते. इंग्लंडमध्ये रॉबर्ट रॅन्सम याने १७८५ साली बिडाच्या फाळांना मिठाच्या पाण्याने कठीणपणा आणण्याचे पेटंट घेतले, आणि पुढे इप्सविच येथे असताना १८०३ साली त्याने जी कल्पना काढली ती झिजेच्या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटते. फाळाचा साचा त्याने असा रचला की खालची बाजू थंड लोखंडाला टेकून झटपट निवावी व पांढरी व्हावी, आणि वरची बाजू वाळूत सावकाश निवून करडी राहावी. असा फाळ मातीतून ओढला म्हणजे वरचा मऊ थर आधी झिजतो, खालचा कठीण थर पुढे उरतो आणि धार आपोआप लागत राहते. झीज थांबविण्याचा यत्न येथे मुळीच नाही. उलट तिला एका बाजूकडून कामाला लावून दुसऱ्या बाजूचे रक्षण केलेले आहे. पुढे हेच तत्त्व आगगाडीच्या ओतीव चाकांना व पीठ दळण्याच्या रुळांना लागू झाले, आणि बुडापेस्ट येथील गांझच्या कारखान्याने त्यावर मोठी कीर्ती मिळविली. त्या इतिहासाच्या तपशिलात येथे शिरत नाही.

आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास बेळगावात लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती व पहिले नांगर खपावयास फार अवधी लागला, हे सर्वश्रुत आहे. १९१० साली औंध संस्थानच्या आश्रयाने किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि नांगर दक्षिण महाराष्ट्रात रुजला. परंतु या घटनेची एक बाजू झिजेच्या अभ्यासकाने विशेष ध्यानात घ्यावयास हवी. लाकडी नांगराचा घडीव फाळ बोथटला की तो गावच्या लोहाराकडे जाई, तापवून ठोकला जाई आणि त्याची पुन्हा धार निघे. ओतीव पांढरे बीड ऐरणीवर ठोकता येत नाही, कारण ते वाकण्याआधी फुटते. तेव्हा ओतीव फाळ जेथे आला तेथे दुरुस्तीची जागा बदलीने घेतली. फाळ सुटा करावा लागला, त्याची मापे ठराविक ठेवावी लागली आणि तालुक्याच्या बाजारात त्याचा साठा करावा लागला. झिजणारा भाग निराळा काढून तो स्वस्त व बदलता येण्याजोगा करणे हे आज यंत्ररचनेचे सर्वमान्य सूत्र आहे, आणि ते आमच्या शेतकऱ्याच्या अंगवळणी कोणत्याही कारखान्याच्या आधी पडले, असे म्हणण्यास हरकत नाही.

फाळ किती टिकतो हे मात्र मातीवर अवलंबून असते, आणि येथे प्रश्न कठीणपणाच्या आकड्यांवर येतो. दख्खनची काळी माती बेसाल्टापासून झालेली असून त्या दगडात मोकळे क्वार्ट्झ जवळजवळ नसते. पूर्व विदर्भातील वालुकामय व पट्टिताश्माच्या प्रदेशातील मातीत ते भरपूर असते. विकर्स मापाने क्वार्ट्झचा कठीणपणा अकराशेच्या आसपास भरतो, तर सिमेंटाइटचा साधारणपणे ८४० ते ११०० च्या दरम्यान असतो. म्हणजे वाळूचा कण पांढऱ्या बिडातील कार्बाइडाला बरोबरीचा, किंबहुना थोडा वरचढच, ठरतो. आणि कार्बाइडांच्या मधली पर्लाइटची जमीन तर तीनशेच्या आतबाहेरच असल्याने तो ती बिनदिक्कत उकरून काढतो. आधार गेलेली कार्बाइडे मग उघडी पडतात व तडकून गळून पडतात. या निदानावरून उपाय दोन दिशांनी निघाले. एक म्हणजे शेकडा चारच्या सुमारास निकेल व दोनच्या सुमारास क्रोमियम घालून मधली जमीनच मार्टेन्साइटची, म्हणजे पाणी दिलेल्या पोलादासारखी कठीण, करणे. निहार्ड या नावाने हे बीड दोन महायुद्धांच्या मधल्या काळात प्रसिद्धीस आले. दुसरा म्हणजे क्रोमियम शेकडा बारापासून तिसापर्यंत चढवून कार्बाइडची जातच बदलणे. हे नवे कार्बाइड १२०० ते १८०० इतके कठीण असते, म्हणजे वाळूचा कण त्याच्यावर ओरखडा काढू शकत नाही; शिवाय साध्या पांढऱ्या बिडात कार्बाइडाचे जाळे सलग पसरलेले असते आणि एकदा तडा गेला की तो त्या जाळ्यातून आरपार धावतो, तसे येथे होत नाही, कारण येथे कार्बाइडे सुट्या कांड्यांच्या रूपाने असून सलगपणा मधल्या चिवट जमिनीकडे असतो. दगडी कोळशात राखेचे प्रमाण शेकडा तीस ते पंचेचाळीस असणे ही आपल्या देशाची स्थिती आहे, आणि त्या राखेत क्वार्ट्झ असल्यामुळे चंद्रपूरसारख्या वीजकेंद्रात कोळसा दळणाऱ्या रोलरांना व राखेचे पाणी वाहून नेणाऱ्या पंपांना या दोन जातींच्या बिडांवाचून गत्यंतर नसते. परदेशी कोळशावरून बांधलेले आयुष्याचे अंदाज येथे का चुकतात, याचे उत्तर रोलराच्या धातूत शोधण्याआधी कोळशाच्या राखेत शोधावे.

आतापर्यंतच्या विवेचनावरून कठीण तेच टिकाऊ असा कोणाचा ग्रह झाला असेल तर इंजिनाचा सिलिंडर तो तत्काळ दूर करील. लायनरचे करडे बीड ब्रिनेल मापाने दोनशेच्या थोडे वरखाली असते आणि त्यात ग्राफाइटसारखा, नखाने ओरखडता येईल इतका मऊ पदार्थ पसरलेला असतो. तरीही तेलाच्या सान्निध्यात पिस्टनच्या रिंगांची ये-जा लायनर वर्षानुवर्षे सहन करतो. ग्राफाइटचे पापुद्रे पृष्ठावर उघडे पडतात, स्वतः वंगणाचे काम करतात, आणि जेथून ते निघून जातात त्या खाचांत तेल साठून राहते. त्याच्या जोडीला लोखंडाच्या फॉस्फाइडाचे एक बारीक, कठीण जाळे असले तर झिजेत ते किंचित वर उभे राहून भार उचलते आणि त्याच्याभोवतीच्या सखल जागेत तेल टिकते. लायनरच्या बिडात फॉस्फरस मुद्दाम ठेवतात तो याच कारणाने, एरवी तो दोषच मानला जातो. कोल्हापूर, बेळगाव व इचलकरंजी या टापूतील फौंड्र्यांनी शेतीच्या तेल इंजिनांसाठी ही विद्या हस्तगत केली, आणि पुष्कळ ठिकाणी ती पुस्तकातून न येता भट्टीपाशी उभे राहून आली.

जुना लायनर हातात घेऊन आत बोट फिरवावे. वरच्या टोकापासून काही अंतरावर, जेथे पिस्टनची सर्वांत वरची रिंग येऊन उलटते, तेथे नख अडकते. त्याच्या वर मूळचा अस्पर्शित व्यास असतो आणि खाली झिजलेला. उलटण्याच्या क्षणी रिंगेचा वेग शून्य होतो, तेलाचा पापुद्रा तुटतो, आणि दाब व उष्णता तेथेच कमाल असतात, म्हणून झीज तेथे गोळा होते, हे स्पष्टीकरण खरे आहे पण पुरे नाही. १९३० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये झालेल्या प्रयोगांनी असे दाखविले की थंड इंजिन वारंवार चालू-बंद केल्यास ज्वलनातून निघालेली वाफ थंड भिंतीवर जमून तेथे आम्ले तयार होतात, व त्या काळात होणारी झीज इंजिन तापून अखंड चालताना होणाऱ्या झिजेच्या अनेक पट असते. म्हणजे आपण ज्याला घासणे समजतो त्यातला मोठा वाटा गंजण्याचा असतो. विहिरीवरचे जे इंजिन दिवसातून चार वेळा दहा-दहा मिनिटे चालते ते सलग चालणाऱ्या इंजिनापेक्षा कमी तासांत का खलास होते, याचा उलगडा त्यातून होतो.

घासणे आणि गंजणे यांची अशी भागीदारी सर्वांत ठसठशीत दिसते ती साखर कारखान्याच्या चरकात. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने लोणीच्या प्रवरा कारखान्यात १९५०-५१ च्या हंगामात गाळप सुरू झाले, तेव्हापासून सहकारी कारखानदारीविषयी अर्थशास्त्रज्ञांनी व राजकारण्यांनी विपुल लिहिले. त्या कारखान्यांच्या पोटात फिरणाऱ्या बिडाच्या लाटांविषयी मात्र मराठीत फारसे कोणी लिहिले नाही, ही खंत मला हा विषय हाती घेताना सतत होती. प्रत्येक मिलमध्ये वरची, आत घेणारी व बाहेर टाकणारी अशा तीन लाटा असतात. पोलादी आसावर बिडाचे जाड कवच तापवून चढवितात व ते निवताना आसाला घट्ट आवळून बसते. त्या कवचावर कंगोरे कापलेले असतात, शेकडो टनांच्या दाबाखाली त्यांच्यामधून ऊस जातो, आणि उसाबरोबर मुळांची माती, वाळू, कधी विळ्याचा तुकडाही जातो. रस मंद आम्लधर्मी, पीएच पाच-साडेपाचच्या आसपासचा, असतो आणि तो अहोरात्र धातूला भिजवीत राहतो.

येथे बारीक कणांचे, निबर, पृष्ठ गुळगुळीत राखणारे बीड वापरावे असे नवख्याला वाटते. प्रत्यक्षात मागणी असते ती भरड कणांच्या बिडाची. कारण लाटेचे काम केवळ टिकण्याचे नाही, उसाला पकडून आत ओढण्याचे आहे; गुळगुळीत लाट घसरते आणि ऊस तोंडाशीच अडून राहतो. भरड बिडाचे पृष्ठ रसाने व वाळूने असमान खाल्ले जाते, कण मागेपुढे होतात, आणि झिजत असतानाच ते खरखरीत राहते. पोलादाची लाट झिजून चकचकीत होते व निरुपयोगी ठरते. म्हणून शेकडो वर्षांची धातुविद्या पुढे गेली तरी चरकाने हे जुने, दिसायला ओबडधोबड बीड सोडलेले नाही. एवढ्यावरही पकड अपुरी पडते, तेव्हा वेल्डर चालू मिलपाशी उभा राहून फिरत्या कंगोऱ्यांच्या माथ्यावर कठीण धातूचे थेंब उडवितो, ज्याला कारखान्यात आर्किंग म्हणतात. हंगाम संपला की लाटा बाहेर निघतात, लेथवर चढतात, कंगोरे पुन्हा कापले जातात आणि व्यास तेवढा घटतो. व्यास ठराविक मर्यादेखाली गेला की कवच फोडून काढतात व त्याच आसावर नवे चढवितात. झिजेची इतकी उघड, सालोसाल चालणारी रुजवात दुसऱ्या कोणत्या यंत्रात क्वचितच दिसेल.

ब्रेकच्या ठोकळ्याबद्दल थोडक्यात सांगतो. बिडाचा ठोकळा चाकावर दाबला जातो तेव्हा दोघांपैकी ठोकळ्यानेच झिजावे अशी योजना असते, कारण चाक महाग व ठोकळा स्वस्त. वेग वाढला की बिडाचे घर्षण कमी होते हा त्याचा मोठा दोष, आणि त्यामुळेच अनेक गाड्यांवर त्याची जागा संमिश्र द्रव्यांनी घेतली.

१९५३ साली आर्चर्ड या इंग्रज संशोधकाने झिजेचा जो नियम मांडला तो थोडक्यात असा, की झिजलेले घनफळ भाराच्या व घसरण्याच्या अंतराच्या सम प्रमाणात आणि कठीणपणाच्या व्यस्त प्रमाणात असते. नियम सुटसुटीत आहे व तो या ग्रंथात वारंवार येईल. परंतु त्यातला गुणक परिस्थितीप्रमाणे लाखो पटींनी बदलतो, आणि बिडाच्या व्यवहारातली सारी गुंतागुंत त्या गुणकातच दडलेली असते. खरेदीखात्याच्या निविदेत केवळ कठीणपणाचा आकडा नमूद करण्याची जी सर्रास वहिवाट आहे ती मला याच कारणाने घातक वाटते. आकडा बरहुकूम भरतो, माल मंजूर होतो, आणि तोच आकडा असलेली दोन बिडे, एक सलग जाळ्याचे व एक सुट्या कांड्यांचे, पहिल्याच आघातात निरनिराळी वागतात. निविदेत कण कोणता, तो कोरडा की ओला, आघात किती, द्रवाची आम्लता किती आणि भाग किती मुदतीत बदलण्याची तयारी आहे, एवढे लिहिले तर ओतणाऱ्याला योग्य बीड सुचविता तरी येईल; भारतीय मानक ४७७१ मध्ये झीजरोधक बिडांच्या ज्या जाती दिल्या आहेत त्यांतून निवड करावयाची तर ही माहिती हाताशी असावीच लागते.

झिजेच्या शोधातून भलतेच मोठे फळ कसे हाती आले याचा एक दाखला या विषयाच्या इतिहासात आहे. महायुद्धाच्या काळात क्रोमियमची टंचाई झाली, तेव्हा अमेरिकेतील इंटरनॅशनल निकेल कंपनीच्या प्रयोगशाळेत कीथ मिलिस हा झीजरोधक पांढऱ्या बिडात क्रोमियमऐवजी काय घालता येईल याचा तपास करीत होता. १९४३ साली त्याने मॅग्नेशियम घालून पाहिले. पुढे करड्या बिडावर तोच प्रयोग केला असता ग्राफाइट पापुद्र्यांच्या ऐवजी वाटोळ्या गोळ्यांच्या रूपाने निघाला, आणि ठिसूळ म्हणून बदनाम असलेले बीड वाकू लागले. इंग्लंडमध्ये मॉरो याने सेरियम वापरून तोच परिणाम साधला व १९४८ साली फिलाडेल्फियाच्या ओतकाम परिषदेत तो जाहीर झाला. मिलिस व त्याच्या सहकाऱ्यांचे पेटंट १९४९ चे. त्या गोलाकार ग्राफाइटच्या बिडाला विशिष्ट तापमानाच्या क्षारकुंडात निववून जी नवी जात पुढे निघाली तिच्या पृष्ठावर दाब व घर्षण आले की ते पृष्ठ आणखी कठीण होत जाते, आणि झीजरोधाचा जो हेतू मूळ तपासात होता तो असा फेरा घेऊन सिद्धीस गेला. या जातीला ग्रंथात स्वतंत्र प्रकरण दिले आहे, कारण दंतचक्रांच्या व शेती-अवजारांच्या कामी तिला आपल्याकडे फार वाव आहे असा माझा विश्वास आहे.

वाचकाला लोह-कार्बन आकृतीची तोंडओळख आहे असे गृहीत धरले आहे. ती नसेल तर पहिल्या प्रकरणात आवश्यक तेवढी दिली आहे. प्रयोगशाळेतील कसोट्यांचे, म्हणजे वाळू व रबरी चाकाच्या आणि टाचणी व चकतीच्या चाचण्यांचे, प्रकरण मुद्दाम शेवटी ठेवले. चाचणीचा आकडा आधी हाती आला की वाचक कामाची जागा पाहावयाचे सोडतो असा अनुभव आहे. ज्यांच्यापाशी झिजलेल्या भागांचे वजन, चाललेले तास आणि बदलीची तारीख यांच्या जुन्या वह्या असतील त्यांनी त्या प्रत्येक प्रकरणाखालील कोष्टकांशी ताडून पाहाव्यात. कोष्टके त्या बेतानेच मोकळे रकाने सोडून छापली आहेत.